मोटर चालू केली की एमसीबी पडतो : मोठा एमसीबी आणण्याआधी काय तपासायचं

उन्हाळा लागला की रावेर-यावलच्या केळीपट्ट्यापासून थेट शिरपूर-शहाद्यापर्यंत एकच तक्रार ऐकू येते. बोरची मोटर चालू केली की एमसीबी (करंट वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. वर केला की चालते, थोड्या वेळाने परत पडतो. मग २५ चा काढून ३२ चा बसतो, ३२ चा काढून ४० चा. पडणं थांबतं. पुढे काही दिवसांनी पाइप-केबलसकट मोटर वर काढावी लागते आणि रिवाइंडिंगवाला काळं पडलेलं वायंडिंग समोर ठेवतो.

एमसीबी खरोखर लहान होता म्हणून पडत होता, असं फार कमी वेळा निघतं. बहुतेक वेळा कारण असतं कमी व्होल्टेज, लांब आणि बारीक केबल, ढिला स्क्रू किंवा उन्हात तापलेली पेटी. म्हणून आधी कारण शोधायचं, आकडा नंतर.

खालचे हिशोब साडेसात एचपीच्या थ्री फेज सबमर्सिबलचे आहेत, नेमप्लेटवर १५ अँपिअर धरून. तुमच्या नेमप्लेटवर जो आकडा असेल तोच घ्या. एचपीवरून अंदाज बांधू नका, कारण साडेसात एचपीची वरची मोनोब्लॉक मोटर साधारण ११ अँपिअर घेते आणि तेवढ्याच एचपीची सबमर्सिबल १५ च्या आसपास. फरक मोठा आहे.

एमसीबीचं काम वेगळं, रिलेचं वेगळं

एमसीबी आहे शॉर्ट सर्किटसाठी आणि केबल वाचवण्यासाठी. मोटर वाचवायची ती स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेने. ३२ अँपिअरचा एमसीबी ३६ अँपिअर तासभर सोसेल असाच बनवलेला असतो. ४६ अँपिअरला तो तासाभराच्या आत पडला पाहिजे, एवढीच मानकाची अट आहे. म्हणजे १५ अँपिअरची मोटर अडकून दुप्पट, ३० अँपिअर घेत राहिली तरी ३२ चा एमसीबी जागचा हलणार नाही. वायंडिंग मात्र काही मिनिटांतच जातं.

तेव्हा पहिली गोष्ट, स्टार्टर उघडून रिले बघा. डायल नेमप्लेटच्या अँपिअरवर आहे का? पाणी भरताना कुणी रिले बायपास करून वायर टाकली आहे का? ‘रिले सारखी पडते’ म्हणून डायल शेवटच्या आकड्यावर नेलेली पेटी गावोगाव सापडते. सबमर्सिबलला क्लास १० किंवा १०ए ची, म्हणजे ओव्हरलोडला लवकर पडणारी रिले लागते, कारण तिचं वायंडिंग वरच्या मोटरपेक्षा लवकर तापतं. आणि स्टार्टरला पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर जोडला असेल तर तो रिलेच्या आधी आहे की नंतर, तेही बघा. रिलेनंतर मोटरच्या टर्मिनलवर ३ केव्हीएआर चा कपॅसिटर असेल, तर मोटर १५ अँपिअर घेत असताना रिलेतून साधारण १३ च जातात. अशा वेळी डायल १३ वर हवी. १५ वर ठेवली तर मोटरला दोन अँपिअरची फुकटची सूट मिळते.

नेमका कधी पडतो, ते घड्याळ लावून बघा

चालू करताच, डोळ्याची पापणी लवते ना लवते तोच? पाच-पंधरा सेकंदांनी? अर्ध्या तासाने, दुपारीच? की गेलेली लाइट परत आली की? या चारही वेळांची कारणं वेगळी आहेत. आठवडाभर वही ठेवली तरी निम्मा शोध लागतो.

चालू करताच पडत असेल तर

मेन स्विच बंद करा, टेस्टरने खात्री करा, मग मोटरची केबल स्टार्टरच्या खालच्या टर्मिनलवरून सोडवा. आता मोटरशिवाय स्टार्टर चालू करा. तरीही पडला, तर दोष स्टार्टर, कपॅसिटर किंवा पेटीतल्या वायरिंगमध्ये आहे. फुगलेला कपॅसिटर हे नेहमीचं कारण; तो सोडवून पुन्हा बघा. सोडवल्यावर कपॅसिटरच्या टोकांना लगेच हात लावू नका, चार्ज उतरू द्या.

मोटरशिवाय पडत नसेल तर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) केबलची तिन्ही टोकं अर्थिंगशी तपासा. मोटर पाण्यात असताना १ मेगओहमच्या खाली रीडिंग आलं तर जॉइंट किंवा वायंडिंग संशयास्पद, अर्ध्याच्या खाली आलं तर मोटर चालवू नका. मग मीटरने तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स मोजा. तो तिन्हींचा जवळपास सारखा हवा. एक जोडी वेगळी निघाली की दोष खाली आहे, एमसीबी बदलून काही होणार नाही.

हे सगळं ठीक निघालं, तरच कर्व्हचा विचार करायचा. एमसीबीवर आकड्याआधी एक अक्षर असतं. बी कर्व्ह त्याच्या आकड्याच्या ३ ते ५ पटीला झटक्यात पडतो, सी ५ ते १० पटीला, डी १० ते २० पटीला. दुकानात मागितलं की बहुधा सी मिळतो. मोटर डीओएल स्टार्टरवर (थेट पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या) सुरू होताना सहा पट धरली तर ९० अँपिअर घेते. पण अगदी पहिल्या सायकलमध्ये हा झटका त्याच्या दीड ते पावणेदोन पट, म्हणजे १६० च्या घरात जाऊ शकतो. किती जाईल हे कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला चुंबकी स्विच) बसला तेव्हा व्होल्टेजची लाट कुठे होती यावर ठरतं. म्हणूनच तीच मोटर, तोच एमसीबी, सकाळी बिनतक्रार चालू होते आणि संध्याकाळी तीनदा पडते.

आता जुळवून बघा. सी २० ची झटक्याची हद्द १०० ते २०० अँपिअर, तो बहुधा पडणारच. सी २५ ची १२५ ते २५०, तो कधी पडेल, कधी नाही. सी ३२ ची १६० पासून पुढे, बहुधा टिकतो. डी २० ची २०० पासून पुढे, म्हणजे झटका पचवतो आणि तरी त्याची तापण्याची मर्यादा २० च राहते. केबल शंभर मीटरच्या आत असेल, विहिरीवरची मोटर असेल, तर ४० चा सी आणण्यापेक्षा २० चा डी कितीतरी चांगला. पेटी उन्हात असेल तर डी २५.

केबल लांब असेल तर मात्र हिशोब उलटतो, आणि खान्देशात आता तीच परिस्थिती जास्त आहे. पाणी खाली गेलं तशी मोटरही खाली गेली. बोर ५०० फूट आणि बोरपासून पेटी ३०० फूट, म्हणजे सुमारे २५० मीटर केबल. ४ एमएमच्या (म्हणजे ४ चौरस मिलिमीटरच्या) तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला जवळपास ५ ओहम, म्हणजे एका तारेचा सव्वा ओहम. एवढी केबल मध्ये आली की सुरुवातीचा झटका ती स्वतःच दाबते. ९० च्या जागी ७० अँपिअरच्या आसपास येतात. इथे डी कर्व्हची गरजच उरत नाही, सी २५ चालतो.

आणि इथे डी लावणं धोक्याचंही आहे. खाली मोटरच्या जॉइंटवर दोन फेज चिकटले, तर करंट किती येईल? ४१५ भागिले येण्या-जाण्याचे अडीच ओहम, म्हणजे जेमतेम १६६ अँपिअर. लाइनचा रेझिस्टन्स धरला तर त्याहूनही कमी. डी २५ झटक्यात पडायला किमान २५० हवेत. तो या शॉर्टला झटक्यात पडूच शकत नाही, तापून काही सेकंदांनी पडेल. ४ एमएमची पीव्हीसी केबल १६६ अँपिअर जेमतेम सात सेकंद सोसते. ४० चा सी बसवला तरी हेच, त्याची हद्द २०० पासून सुरू होते. शॉर्टला एमसीबी पडला नाही आणि बोरमधली केबलच जळाली, असं घडतं ते यामुळे.

पाच-पंधरा सेकंदांनी पडत असेल तर

चांगल्या व्होल्टेजवर सबमर्सिबल सेकंदाच्या आत पूर्ण वेग घेते. ती पाच सेकंद घुरघुरत असेल तर मोटर उचलतच नाही. तिथे एमसीबी किंवा रिले पडणं हे बरोबरच आहे.

एकाने स्टार्टर दाबायचा, दुसऱ्याने त्याच क्षणी स्टार्टरच्या वरच्या टर्मिनलवर व्होल्टेज वाचायचं. चालू होण्याआधीचं आणि चालू होतानाचं, दोन्ही आकडे लिहा. आधी ४१५ आणि उचलताना ३८० असेल तर लाइन बरी आहे. आधी ३७० आणि उचलताना ३०० असेल तर अडचण पेटीच्या अलीकडे, डीपीपासूनच्या (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरपासूनच्या) वायरमध्ये आहे.

टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो. ३०० व्होल्टवर मोटरची उचलण्याची ताकद ४१५ च्या निम्मीच राहते. त्यात वरच्या २५० मीटर केबलचा घाटा धरा: पेटीवर ४१५ असले तरी उचलताना खाली मोटरला ३२० च्या आसपास मिळतात. पेटीवरच ३५० असतील तर खाली २७०, आणि ताकद ४२ टक्के. त्यात तापीकाठच्या गाळाच्या जमिनीतली बारीक वाळू पंपात बसलेली असली तर मोटर जागची हलत नाही.

एवढ्याच अंतरावर चालू स्थितीतली घट ४ एमएमला सुमारे ३१ व्होल्ट, ६ एमएमला २१, १० एमएमला १२. आम्ही अशा बोरला ६ एमएमच्या खाली जाऊ नका असं सांगतो, आणि १० चीच घ्या असा आग्रह धरतो. महाग आहे, मान्य. पण १० एमएमने एकाच वेळी तीन गोष्टी सुधारतात: मोटर पटकन उचलते, चालताना कमी अँपिअर घेते, आणि खाली शॉर्ट झाला तर करंट ४०० च्या वर जाऊन सी ३२ सुद्धा झटक्यात पडतो. फक्त एक लक्षात ठेवा, केबल जाड झाली की सुरुवातीचा झटकाही वाढतो. तेव्हा ४ एमएमवर चालणारा सी २५ कदाचित पडू लागेल. तिथे सी ३२ घ्या.

पेटीवर चालू मोटरचं व्होल्टेज ३५० च्या खाली असेल तर मोटर चालवू नका. व्होल्टेज १६ टक्के उतरलं की तेच पाणी उपसायला १५ च्या जागी १८ अँपिअर लागतात. रिले पडेल, आणि पडायलाच हवी.

उचलताना तिन्ही फेजचे अँपिअर क्लॅम्प मीटरने बघा. एका फेजवर शून्य असेल तर सिंगल फेजिंग आहे. तिन्हीत फरक असेल तर तिन्ही तारा एकेक जागा पुढे सरकवा, म्हणजे फिरण्याची दिशा तीच राहते. जास्त अँपिअर त्याच मोटरच्या तारेबरोबर सरकले तर दोष मोटर-केबलमध्ये. लाइनच्या त्याच फेजवर राहिले तर दोष सप्लायमध्ये. व्होल्टेजमधला तीन-चार टक्के फरकसुद्धा अँपिअरमध्ये वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक पाडतो, म्हणून अँपिअर वेगळे दिसले की लगेच मोटरला दोष देऊ नका.

लाइट आली की पडत असेल तर

कारण ऑटो स्विच, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा. १०० केव्हीएच्या डीपीची क्षमता १३३ अँपिअर. तिच्यावर पाच एचपीच्या दहा मोटरी ऑटोवर असतील तर लाइट येताक्षणी दहाही मिळून ६०० अँपिअर मागतात. व्होल्टेज बसतं, कुणाचीच मोटर उचलत नाही, कुणाचा एमसीबी पडतो, कुणाची डीपीची फ्यूज जाते, आणि रोज असं झालं की डीपीच जळते. मग पिकाला पाणी नाही ते दहाही जणांना. ऑटो ठेवायचाच असेल तर प्रत्येकाने ऑन-डिले टायमर लावा आणि वेळा आपसात वाटून घ्या: पहिला अर्धा मिनिट, दुसरा एक मिनिट, तिसरा दीड. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून हे केलं तर एकही एमसीबी न बदलता तक्रार मिटते.

अर्ध्या-एक तासाने, दुपारी पडत असेल तर

घरगुती प्रकारच्या एमसीबीचा आकडा ३० अंश तापमानाला धरून ठरलेला असतो. भुसावळ-जळगावला मेमध्ये सावलीतच ४५ अंश, आणि शेतातल्या बंद पत्र्याच्या पेटीत ६० सहज. तिथे २० चा एमसीबी १६-१७ चाच राहतो. कमी व्होल्टेजवर १७ अँपिअर घेणारी मोटर त्याला दुपारी पाडणारच आणि रात्रपाळीत तीच बिनधोक चालणार. पेटीवर छप्पर करा, पांढरा रंग द्या, खाली-वर जाळीची भोकं ठेवा, एमसीबी एकमेकांना चिकटवू नका. यानंतरही पडत असेल तरच एक पायरी वर जा, २० वरून २५. दोन पायऱ्या नाही.

त्याआधी स्क्रू बघा. खांबावरून येणारी अॅल्युमिनियमची तार थेट एमसीबीत घातलेली असते. ती दाबाने हळूहळू पसरते, पकड ढिली होते, टर्मिनल तापतं आणि ती उष्णता आतल्या बायमेटलला (तापून वाकणाऱ्या पट्टीला) लागून एमसीबी कमी अँपिअरलाच पडतो. मोटर चालू असताना प्रत्येक पोलच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलमधलं व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये मोजा. तिन्ही सारखे हवेत. एक दुप्पट-तिप्पट असेल तर तोच पोल खराब किंवा ढिला. हे काम चालू लाइनवर आहे, जाणत्या वायरमननेच करावं. अॅल्युमिनियमला बायमेटल लग (तांबं-अॅल्युमिनियमच्या जोडाचं टोक) लावा आणि काळा पडलेला एमसीबी घट्ट करून वापरू नका, बदला.

तीन सुटे एमसीबी आणि किटकॅट

थ्री फेज मोटरवर तीन वेगळे सिंगल पोल एमसीबी लावलेले दिसले की आधी ते काढा. एकच पडतो, बाकी दोन चालू राहतात, मोटर दोन फेजवर ओढत राहते आणि उरलेल्या फेजमध्ये करंट पावणेदोन पटीच्या जवळ जातो. किटकॅट फ्यूजचंही तेच. एकाच दांड्याचा थ्री पोल एमसीबी घ्या, आणि सोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर. खर्च परवडत असेल तर एमपीसीबी (मोटरसाठीचा खास ब्रेकर) सर्वात चांगला: १४ ते २० च्या रेंजचा घेऊन डायल १५ वर ठेवली की ओव्हरलोड, फेज जाणं आणि शॉर्ट तिन्ही त्यात येतात, आणि त्याची झटक्याची हद्द कमाल आकड्याच्या तेरा पटीच्या आसपास असल्याने सुरुवातीला तो पडत नाही. पण लांब बारीक केबलची वर सांगितलेली अडचण त्यालाही आहे.

एक काम मात्र यातलं काहीच करत नाही, माणसाला शॉकपासून वाचवण्याचं. मोटरचा करंट पाइपात उतरला तर त्या वाटेवर मातीच असते. शेतातल्या अर्थिंगचा आणि डीपीच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स मिळून १५ ओहम धरला तरी २४० व्होल्टवर १६ अँपिअरच वाहतात. २५ चा असो की ३२ चा, एमसीबीला ते कळणारही नाही, आणि ओल्या केळीच्या बागेत पाइपाला हात लावणाऱ्याचा जीव जाईल. त्यासाठी फोर पोल आरसीसीबीच (गळतीचा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच) हवा. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा. लांब जुन्या केबलवर तो सारखा पडला तर तो काढून टाकू नका. मेगर लावून गळती कुठे आहे ते शोधा.

जिनिंग आणि डाळमिलवाल्यांसाठी थोडक्यात

इथे मोटर मोठी, केबल आखूड आणि ट्रान्सफॉर्मर जवळ, त्यामुळे अडचणी वेगळ्या. ५०० केव्हीए ट्रान्सफॉर्मरच्या मेन पॅनेलवर शॉर्टचा करंट १५ हजार अँपिअरच्या जवळ जाऊ शकतो. १० केए (१० हजार अँपिअर) लिहिलेला एमसीबी तिथे फुटेल, २५ केएचा एमसीसीबी (मोठ्या करंटचा ब्रेकर) हवा. शेतातल्या १०० केव्हीएच्या डीपीवर तोच आकडा तीन हजारच्या आत असतो, म्हणून तिथे १० केए पुरतो.

स्टार-डेल्टामध्ये (मोटर आधी कमी व्होल्टेजच्या स्टार जोडणीत चालू करून मग डेल्टात नेणाऱ्या स्टार्टरमध्ये) डेल्टा बसताना ब्रेकर पडत असेल तर आधी टायमर बघा. कापूस ओढणारा मोठा पंखा वेग घ्यायला पंधरा-वीस सेकंद घेतो आणि टायमर आठवर असेल तर अर्ध्या वेगावर डेल्टा बसतो, झटका डीओएलइतका किंवा त्याहून मोठा येतो. स्टारमध्ये अँपिअर खाली येऊन स्थिरावले की मगच डेल्टा. अशा पंख्याला क्लास २० ची रिले लावा, १० ची उगाच पडत राहील. आणि रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, वायंडिंगच्या वाटेत असेल तर डायल नेमप्लेटच्या ०.५८ पट: ५४ अँपिअरच्या मोटरला ३१. ती ५४ वर ठेवलेली असेल तर मोटरला रिले नाहीच असं समजा.

दुरुस्ती झाली की पेटीच्या दाराच्या आतून कायमच्या शाईने लिहून ठेवा: नेमप्लेटचे अँपिअर, रिलेची डायल, एमसीबीचं अक्षर आणि आकडा, केबल किती एमएम आणि किती मीटर, त्या दिवशीचं व्होल्टेज आणि तिन्ही फेजचे अँपिअर. पुढच्या वेळी एमसीबी पडला की वायरमनने पहिला क्लॅम्प लावावा आणि त्या आकड्यांशी ताडून बघावं.